मी मोजलेलं गाऱ्हाणं

माझे बाबा बसच्या कंडक्टरला गावाचं नाव सांगायचे तेव्हा त्या नावाचं पहिलंच अक्षर त्यांच्या ओठांत अडकायचं. ते सुटेपर्यंत कंडक्टर मागच्या दोघांची तिकिटं फाडून परत यायचा. मी त्यांच्या मांडीवर बसलेली असायचे आणि मला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. कुणी लंगडतं, कुणाला कमी ऐकू येतं, तसे बाबा अडखळतात, एवढंच. दुकानात ते वस्तू बोटानं दाखवत. फॉरेस्टचा गार्ड घरी आला तर पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवून आत जात, आणि बोलायला आई बाहेर येई.

वर्षातून एक दिवस मात्र बाबा बोलत.

दसऱ्यानंतर, भात कापायला घ्यायच्या आधी, आमचं सगळं गाव देवाच्या रानात जमतं. तिथं देऊळ नाही. कुणी कधी कोयता न लावलेली जुनी झाडं आहेत आणि त्यांच्या बुडाशी चार-पाच दगड. पाचोळा झाडून तिथं नारळ ठेवायचा आणि गावाच्या वतीनं एकानं देवाशी बोलायचं. ह्यालाच आम्ही गाऱ्हाणं घालणं म्हणतो. वर्षभरात काय झालं ते देवाला सांगायचं, चुकलं असेल ते पोटात घाल म्हणायचं, पुढच्या सालाचं मागणं मागायचं. बाकीचे हात जोडून उभे राहतात आणि प्रत्येक मागण्याला एका आवाजात ‘व्हय महाराजा’ म्हणतात.

हे बोलायचा मान आमच्या घराकडे आहे. आजोबांनंतर थोरला मुलगा म्हणून तो बाबांकडे आला, तेव्हा गावात हसं झालं होतं म्हणे. ‘देव तरी किती थांबंल?’ असं कुणीतरी म्हणालं होतं. आई ती गोष्ट अजून सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा खुलतो, कारण त्या दिवशी बाबा अजिबात अडकले नाहीत.

नारळ हातात घेतला की त्यांचा आवाजच बदलायचा. मोठा व्हायचा नाही, खोल जायचा. ‘बा महाराजा, रानाच्या राजा, तुझी लेकरं तुझ्या पायापाशी आल्याती...’ असं सुरू होऊन मग ते घर घर घ्यायचे. वरच्या घरची गाय वाघानं नेली, तिथं दुसरी येऊ दे. ओढ्याकाठच्या घरात लेक बाळंतपणाला आली हाय, तिची सुखानं सुटका कर. अमक्या घरचा मुलगा गोव्याला गेलाय, त्याचा पाय घराकडं वळव. एक घर झालं की थांबायचे, पुढच्या घरच्या माणसाकडे बघायचे, मग पुढे. मी आईच्या लुगड्याला धरून उभी असायचे. आमच्या घराची पाळी शेवटी यायची आणि बाबा माझ्याकडे बघायचे तेव्हा मला देवानंच बघितल्यासारखं वाटायचं.

पाचवीला मला रामनगरला मावशीकडे ठेवलं. तिथल्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत घातलं. गावाकडे दिवसाला एकच बस, तीही पावसाळ्यात येईल तेव्हा खरी, म्हणून. आणि आईचा एक हट्ट होता. ‘हिचं तोंड बापासारखं मिटाय नको,’ ती मावशीला म्हणाली होती. मी दाराआड होते. तोपर्यंत माझं तोंड मिटलेलं आहे हे मला माहीत नव्हतं.

शाळेत ते लवकरच कळलं. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी मला पहिल्या आठवड्यात धडा वाचायला उभं केलं. मी दोन ओळी वाचल्या. बाईंनी चष्मा काढला आणि इंग्रजीत विचारलं, तोंडात भात भरून आलीस का? सगळा वर्ग हसला. मला प्रश्नही नीट कळला नव्हता. शेजारच्या मुलीनं मराठीत सांगितला, तेव्हा मी एकटी उशिरा लाजले. त्यानंतर सहा महिने मी वर्गात हजेरीशिवाय काही बोलले नाही.

बाई वाईट नव्हत्या, हे मला आज सांगायला हवं. आठवीत त्यांनी स्वतःहून मला वक्तृत्व स्पर्धेसाठी घेतलं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी भाषण म्हणायचे आणि बाई समोर बसून ऐकायच्या. मी जिथं थांबले तिथं त्या पेन्सिलीनं बाकावर टक् करायच्या. शेवटी आकडा सांगायच्या. पहिल्या दिवशी एकोणीस. मग चौदा. मग नऊ. ज्या दिवशी एकही टक् झाली नाही त्या दिवशी त्या म्हणाल्या, आता तू माणसात आलीस. मला दुसरा नंबर मिळाला. बक्षिसाचा कप मावशीच्या टीव्हीवर बरेच दिवस होता.

म्हणून मला वाटत होतं की माणसावर माया असली की त्याचे थांबे मोजायचे असतात. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं, आणि त्यामुळेच पुढचं आठवताना जास्त जड जातं.

दहावी संपून मी कॉलेजात गेले त्या वर्षी मावशीनं तिचा जुना फोन मला दिला. दसऱ्याच्या सुट्टीत गावी आले आणि बाबांचं गाऱ्हाणं मी फोनवर रेकॉर्ड केलं. तो दिवस बाबांचा वर्षातला सगळ्यात आनंदाचा. दुपारी घरी आल्यावर ते ओसरीवर पाय पसरून बसले होते. आई भाताची पेज वाढत होती. मी त्यांच्याजवळ बसून रेकॉर्डिंग लावलं.

त्यांनी स्वतःचा आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता.

‘ह्यो मी हाय?’

‘मग कोण?’

ते मान तिरपी करून ऐकत राहिले. ‘आवाज तर बरा हाय की,’ म्हणाले, आणि आईकडे वळून, ‘ऐकलीस काय? रेडिओत घेतील मला.’

‘घेतील की. सगळी झोपल्यावर लावतील,’ आई म्हणाली.

बाबा हसले. तेव्हा मी म्हणाले, ‘बाबा, छानच झालंय. फक्त तेवीस वेळा थांबलात.’

‘म्हंजे?’

‘मी मोजलं ना.’ मी रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि ते जिथं थांबत होते तिथं बोटानं जमिनीवर टकटक करू लागले. ‘इथं. हे बघा, इथं पण. इथं तर किती वेळ. आणि बा महाराजा हे नऊ वेळा आलंय, तेवढ्यांदा नको. एवढं कमी केलंत की एकदम परफेक्ट होईल.’

बाबा आता फोनकडे बघत नव्हते, माझ्या बोटाकडे बघत होते. पेजेचं ताट तसंच होतं. मग त्यांनी विचारलं,

‘मी तिथं बी अडतो व्हय?’

मला इथं थांबून विचार करता आला असता. समोरचा माणूस काय विचारतोय ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी लहानपणापासून माणसांचे चेहरे बघत आले आहे, बोलत नाही म्हणून बघत असते. पण त्या दिवशी मी काहीतरी शिकून आलेली होते.

‘थोडंसं,’ मी म्हणाले. ‘पण सुधारता येतं.’

आईनं मला आत बोलावलं, चुलीतली लाकडं पुढे सारायला. लाकडं बरोबर होती.

बाबांनी ते मनावर घेतलं, आणि मला त्याचा अभिमान वाटला. उन्हाळ्यात गावी आले तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, ‘तू त्ये कागदावर सरळ लिवून दे. न थांबता म्हनता येईल असं.’ मी एका पानात बसवलं. माझं मराठी तेव्हा कच्चं होतं, तरी नेटकं लिहिलं. घरांची सुखदुःखं दरवर्षी बदलतात, म्हणून ती गाळली आणि त्याऐवजी ‘सर्व गावकऱ्यांचे रक्षण कर’ असं घातलं. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. तो कागद ते खिशात घेऊन फिरायचे. चिखलणी करताना, गोठ्यात शेण काढताना पुटपुटायचे. पुटपुटताना कुणी आलं की गप्प व्हायचे. आई म्हणाली, ‘जलमभर पाठ हाय त्ये कशाला पाठ करूलालाय?’

त्या वर्षीचं गाऱ्हाणं मला नको असताना सगळं आठवतं. ऊन झाडांतून खाली आलं होतं. बाबांनी नारळ हातात घेतला. सगळ्यांनी हात जोडले. बाबा म्हणाले, ‘बा म... बा म...’ आणि ते अक्षर तिथंच अडकलं.

बसमध्ये अडकायचं तसंच. मानेच्या शिरा वर आल्या. डोळे दगडांवर नव्हते, माझ्यावर होते. मी हात जोडून उभी होते आणि त्यांच्याबरोबर आवाज न करता ओठ हलवत होते, जणू मी त्यांच्यासाठी म्हणून दिलं तर सुटेल. त्यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा अडकलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटत राहिलं. मागून एका म्हाताऱ्यानं हळूच ‘व्हय महाराजा’ म्हटलं. वाक्य झालेलंच नव्हतं. मग सगळ्या गावानं म्हटलं, ‘व्हय महाराजा.’ बाबांना हात द्यावा तसं. त्यांनी तो हात घेतला नाही. नारळ शेजारी उभ्या असलेल्या माझ्या काकांच्या, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाच्या हातात दिला आणि मागे जाऊन उभे राहिले.

तेव्हापासून गाऱ्हाणं काका घालतात. मी लिहिलेलाच कागद. काकांची जीभ तयार आहे, ते रामनगरच्या बाजारात भाजी विकायला बसतात. पाच मिनिटांत सगळं संपतं, कुठंही थांबत नाहीत. गावात त्याची चेष्टा होते. ‘ह्यो तर थेट गोव्याची गाडी,’ लोक म्हणतात, ‘मधल्या गाववाल्यास्नी घेतच न्हाई.’ काका स्वतःही हसतात.

पहिल्याच वर्षी शेजारची एक म्हातारी घरी जाताना माझ्या आईजवळ थांबली होती. तिचा मुलगा गोव्यात कामाला आहे, सणालाही येत नाही. ती म्हणाली, ‘माझं घर घेतलंच न्हाई की गं. देवाला कसं कळायचं?’

मी आईच्या मागे होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बाबा जिथं थांबत होते तिथं एकेक घर होतं. ते अडत नव्हते. पुढच्या घरातल्या माणसाकडे बघत होते, त्याचं वर्षभरातलं आठवत होते. लहानपणी हे मी रोज भाकरी बघावी तसं बघितलेलं होतं. आणि मोठी झाल्यावर त्यावर बोटानं टकटक केली. तेवीस थांबे म्हणजे तेवीस घरं होती की कमी-जास्त, हे ताडून बघायला ते रेकॉर्डिंग आता माझ्याकडे नाही. फोन भरला म्हणून मी ते कधीच पुसलं होतं.

एका दिवसाचं बोलणं गेलं, एवढंच झालं असतं तर कदाचित मी विसरले असते. पण त्या एका दिवसाच्या आधारावर बाबा उरलेलं वर्ष अडखळत बोलत होते, हे मला माहीत नव्हतं. आता त्यांनी तेही सोडलं. पंचायतीत काही असलं तर आई जाते. लग्नाच्या बोलणीत ते कोपऱ्यात सुपारी कातरत बसतात. मी फोन केला की उचलतात आणि ‘थांब, आईकडं देतो’ म्हणतात. ह्या तीन शब्दांवर ते कधीच अडखळत नाहीत.

मी आता बेळगावात एका लॅबमध्ये तपासणीचे रिपोर्ट टाइप करते. कमी बोलायचं काम आहे, मला बरं पडतं. कधी कधी आकडे टाइप करताना मनात येतं, बाईंचं ते ‘माणसात आलीस’ मी किती वर्षं सांभाळलं. त्याआधी मी कुठं होते, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. वर्गातलं ते भाताचं बोलणंही मी विसरलेले नाही. एवढं सगळं स्वतःच्या बाबतीत माहीत असून बाबांच्या बाबतीत मला का कळलं नाही, ह्याचं उत्तर मी शोधून पाहिलं. सापडलं ते फार चांगलं नाही. मला वाटत होतं, बाबांना लागण्याइतकं माझं बोलणं मोठं नाही. ते बाप, मी पोर. लाजऱ्या माणसाला आपल्या शब्दाचं वजनच माहीत नसतं.

ह्या वर्षी दसऱ्याला गेले तेव्हा गावातले सगळ्यात वयस्कर आजोबा, पहिल्यांदा ‘व्हय महाराजा’ म्हणालेले तेच, आमच्या ओसरीवर आले. काकाही बरोबर होते.

‘औंदा तूच घाल गाऱ्हाणं,’ आजोबा बाबांना म्हणाले. ‘मला आता कितीसं साल राहिल्यात? माझं घर एकदा नीट सांगून ठेव देवाला.’

‘व्हय रे दादा,’ काका म्हणाले. ‘माझं ते पोपटाचं हाय. मलाच कटाळा आला.’

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. आजोबा तासभर बसले, चहा प्याले, पुन्हा एकदा म्हणून बघितलं आणि काठी टेकत गेले.

मला जे सात वर्षं बोलता आलं नव्हतं ते त्या दिवशी बोलले. आई परसात होती. मी बाबांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. की मी चुकले होते. की ते अडत नव्हते, घरं घेत होते. की तेवढं थांबायचंच असतं, आणि मला तेव्हा काही कळत नव्हतं. हे बोलताना मीच चार वेळा अडखळले.

बाबांनी नीट ऐकून घेतलं. रागावलेले नव्हते. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सावकाश, एकेक अक्षर सोडवत म्हणाले, ‘पोरी, तवा तू खरं बोललीस. आता माया करूलालीस.’

‘नाही बाबा, आता खरं बोलते.’

‘तू शिकलेली. तवा काय उगंच मोजलं आसशील?’

माझ्या चुकीच्या शब्दावर त्यांनी जेवढा विश्वास ठेवला, तेवढाच ते आजही ठेवून आहेत. बरोबर शब्दासाठी त्यांच्याकडे विश्वास उरलेला नाही. दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं काकांनीच घातलं. आजोबा हात जोडून उभे होते. त्यांचं घर आलं नाही.

मग कापणीला मी चार दिवस रजा काढून पुन्हा गेले. शेवटच्या दिवशी दुपारी मळणी उरकली. खळ्यात भाताची रास लागली की ती घरी आणायच्या आधी घरच्या कर्त्यानं राशीपुढे नारळ ठेवायचा आणि रानाच्या राखणदाराला दोन शब्द बोलायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. हे ज्याचं त्यानं आपल्या खळ्यात करायचं असतं, गाव लागत नाही. आईनं माझ्याकडे चहाची किटली दिली आणि खळ्यात पाठवलं.

खळ्याच्या अलीकडे बांबूचं बेट आहे. तिथं पोहोचले आणि मला आवाज ऐकू आला. खोल गेलेला तो आवाज. मी जागीच थांबले.

बाबा माझ्याकडे पाठ करून राशीपुढे उभे होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. आपल्या राशीसाठी दोन शब्द बोलायचे, पण ते सगळं गाव सांगत होते. ओढ्याकाठचं घर झालं. म्हातारीचा गोव्यातला मुलगा झाला. वयस्कर आजोबांचा गुडघा, त्यांची काठी, त्यांचं उरलेलं आयुष्य, सगळं सावकाश झालं. एक घर संपलं की ते थांबत होते आणि मान थोडी वळवत होते, जणू तो माणूस तिथं उभा आहे. ‘व्हय महाराजा’ म्हणायला कुणी नव्हतं. ते माझ्या ओठांवर आलं आणि मी गिळलं. माझा आवाज कानावर गेला असता तर ते तिथंच संपलं असतं, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

मग ते म्हणाले, ‘आनी बा महाराजा, माझी पोर...’ आणि थांबले.

मला ऐकायचं होतं. ते माझ्यासाठी काय मागतात, मला काय म्हणतात, माझ्याबद्दल देवाला काय सांगून ठेवतात, हे जन्मात मला दुसरीकडून कळणार नाही. पण वाळलेल्या पानांवर माझा पाय जरा हलला असता तरी पुरे होतं. मी चपला काढून हातात घेतल्या आणि आले त्याच वाटेनं मागे फिरले. बरीच दूर येईपर्यंत मागे काहीच ऐकू आलं नाही. ते अजून थांबलेले होते की बोलून झाले होते, मला माहीत नाही.

घरी आई दारात होती. किटली भरलेलीच बघून म्हणाली, ‘का गं? न्हाईत काय तिथं?’

‘आहेत,’ मी म्हणाले. ‘कामात आहेत. थोड्या वेळानं परत जाते.’